आशीर्वाद कोणाच्या वाट्याला?

अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या गड्डेपीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि हातावर पडलेला मोदक जपून घरी नेतात. मनातली इच्छा बोलायची, मोदक देव्हाऱ्यात ठेवायचा आणि नवस फळला की मोदकांचा नैवेद्य घेऊन परत यायचं. गल्लीचं नाव पिराचं, देव गणपती. गावाला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

पण नवसाला हिशोब असतो, तो फेडावा लागतो. आशीर्वादाला तसं काही नसतं. तो मागताना आपल्याकडे एकच गोष्ट करावी लागते, ती म्हणजे वाकणं. कोणी कोणापुढे वाकायचं, आणि वाकायलाही कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, हा खरा जुना प्रश्न आहे. या जिल्ह्याला तो फार जवळचा आहे, कारण तो ज्याने आयुष्यभर अंगावर घेतला त्या नामदेवांचं जन्मगाव म्हणून कयाधूकाठचं नर्सी ओळखलं जातं.

नामदेवांना गुरू भेटले ते औंढ्याला. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटीने डोकी तपासली, तेव्हा नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, आणि मग ते नागनाथाच्या देवळात आले. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, देव नाही अशी जागा दाखव आणि माझे पाय तिकडे ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड उभी राहू लागली. शिष्याने गुरूच्या पायांवर डोकं ठेवावं ही रीत. इथे शिष्याला आधी ते पाय हातात धरून देऊळभर फिरावं लागलं.

थेट अशीच गोष्ट जनमसाखींत गुरू नानकांबद्दल आहे. मक्केत काब्याकडे पाय करून निजले म्हणून एकाने रागावून त्यांचे पाय फिरवले, तर पाय जातील तिकडे काबा. दोन्ही गोष्टींत कोणी कोणाची उचलली, हे शोधत बसण्यात मला रस नाही. पंजाबने नामदेवांना आपलं मानलं ही मात्र इतिहासात दिसणारी गोष्ट आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथसाहिबात, नामदेवांची ६१ पदं आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, आणि २०१५ मध्ये आपलं ८८वं साहित्य संमेलन तिथेच भरलं. नर्सीत शीख भाविक येतात ते पाहुणे म्हणून नव्हे, आपल्या भगताच्या गावी म्हणून.

त्या ६१ पदांपैकी एकात नामदेव सांगतात की हीन जातीचा म्हणून त्यांना देवळातून उठवलं, ते मागे जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. औंढ्याची माणसं ही कथा आपल्या देवळाची म्हणून सांगतात आणि नंदी मागच्या बाजूला आहे याकडे बोट दाखवतात. दगड फिरला का, याचा वाद मला करायचा नाही. ज्याला हाकललं त्याच्याकडे देवाने तोंड केलं, ही गोष्ट इतकी शतकं लोकांना सांगावीशी वाटली, हे मला मोठं वाटतं.

पंढरपुरात नामदेवांनी १३५० मध्ये समाधी घेतली ती महाद्वाराच्या पायरीखाली. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी, एवढीच मागणी. आज त्या पायरीवर कोणी पाय देत नाही; वारकरी वाकून हात लावतात आणि ओलांडून आत जातात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनीच आणल्या अशी परंपरा आहे. त्यानंतरची सहाशेहून अधिक वर्षं चोखोबांच्या लोकांची वारी या समाधीपाशी थांबत राहिली. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायची मोकळीक त्यांना मिळाली ती १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केल्यावर.

आशीर्वाद ही मालमत्ता झाली की काय होतं, हे ज्यूंच्या आणि ख्रिस्त्यांच्या जुन्या ग्रंथातही आहे. आंधळ्या झालेल्या इसहाकाने थोरल्या एसावसाठी राखलेला आशीर्वाद धाकट्या याकोबाने वेष पालटून नेला. एसाव रानातून परतला, सगळं कळलं, आणि तो मोठा गडी धाय मोकलून रडला. एकदा दिलेलं बापालाही मागे घेता येईना. घरची जमीन एकाच्याच नावावर चढावी, तसा तो आशीर्वाद होता.

आपल्या भागातल्या प्रार्थनांचा ओढा मला याच्या उलट वाटतो. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ग्रंथ संपवून पसायदान मागितलं ते स्वतःसाठी नव्हे, दुष्टांनाही त्यातून वगळलं नाही. शेजारी नांदेडच्या हुजूरसाहिबात अरदास संपते ती सगळ्यांचं भलं मागून. आणि जिल्ह्यातल्या तांड्यांवर सेवालाल महाराजांचं नाव घेऊन बंजारा माणूस ‘सेनं साई वेस’ म्हणतो, तेव्हा त्या ‘सगळ्यां’त गुरंढोरं, जीवजंतूही येतात. तिन्ही ठिकाणी मागणारा स्वतःला रांगेत शेवटी ठेवतो.

काही परंपरा तर देण्याघेण्याचा हा व्यवहारच मान्य करत नाहीत. मंगलसुत्तात मंगल कशात आहे असं विचारल्यावर बुद्ध वर देत नाहीत, ३८ गोष्टी सांगतात: मूर्खांची संगत नको, आईवडिलांची सेवा, हातात कसब, गोड वाणी. मराठवाड्यातल्या बौद्ध लग्नांत त्रिशरण-पंचशील होतं, जयमंगल अष्टगाथा होते. वधूवरांना नशीब नव्हे, वागणं दिलं जातं. शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या जैन श्रावकालाही ठाऊक असतं की तीर्थंकर काही देत-घेत नाहीत. दिगंबर मुनी पिंछी उचलतात ती धर्म वाढो म्हणून. दर्ग्यात फुलांची चादर घेऊन गेलेला माणूस पिराकडे दुवा मागतो, पण देणारा अल्लाच, पीर फक्त रदबदली करणारा.

या सगळ्या शास्त्रापलीकडे एक आशीर्वाद आहे, तो म्हाताऱ्या बायांचा. नात परगावाहून आली की आजी दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवते, मग आपल्याच कानशिलांवर बोटं टेकवून कडाकडा मोडते. अलाबला घेतली. पोरीवरचं अरिष्ट स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. हिंदूंच्या वाड्यात आणि मुसलमानांच्या मोहल्ल्यात ही एकच क्रिया, एकच आवाज. इथे खाली वाकतो तो आशीर्वाद देणारा.

आणि तरी अशीच आजी विधवा असली तर नातीच्या लग्नात हळद लावायला तिला कोणी पुढे बोलावत नाही. बलिप्रतिपदेला ‘इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत बाया ओवाळतात. ज्योतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त ज्या बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं, त्याचं राज्य मागतात. ते मागणाऱ्या ओळीतून पांढऱ्या कपाळाची बाई मागे सरकते, किंवा सरकवली जाते. चोखोबांना दाराशी अडवलं गेलं, हिला स्वतःच्या घरात. माझ्या लेखी हे अडवणं एकाच जातीचं आहे, आणि दुसरं जास्त काळ टिकलं आहे कारण त्यासाठी कोणी उपोषणाला बसलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग दाखवला. ठराव कागदावर होतो. त्याची कसोटी पुढच्या लग्नात लागते, जेव्हा पाच सवाष्णी मोजल्या जातात. नर्सीच्या, औंढ्याच्या, कळमनुरी-सेनगाव-वसमतच्या प्रत्येक गावात तो ठराव व्हावा असं मला वाटतं. आणि ठरावाची वाट न पाहता यंदाच्या लग्नसराईत नवरदेवाची विधवा आई पहिली हळद लावायला पुढे यावी, तिने ओवाळावं, आणि मग तिच्या पाया पडायला वऱ्हाड रांगेत उभं राहावं.