आयर्विन पुलाखालचे पाणी आणि डेन्मार्कचे गणित

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती?' कृष्णेवरच्या या 1929 सालच्या पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2005 मध्ये पाणी जवळपास 54 फुटांवर गेले, 2019 मध्ये 57 फूट ओलांडून पुढे गेले आणि 2021 मध्ये पुन्हा 55 फुटांच्या आसपास पोहोचले. ऑगस्ट 2019 च्या त्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गाव सोडणाऱ्यांची बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. पूर अडवता येत नाही, तेव्हा आधी मिळालेला एकेक तास किती मोलाचा असतो, हे या भागाला वेगळे सांगायला नको.

हे तास मिळवायचे तर सांगलीच्या नव्हे, साताऱ्याच्या आभाळाकडे पाहावे लागते. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात आणि कराडच्या प्रीतिसंगमावर एकत्र येतात. पुढे सांगलीला लागून हरिपूरजवळ वारणा मिळते. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात किंवा सांगलीच्या आटपाडीत साधारणपणे पूर्ण वर्षातही इतका पाऊस पडत नाही.

धरण चालवणाऱ्या अभियंत्याची खरी अडचण इथेच आहे. कोयनेची साठवण क्षमता 105.25 टीएमसी. धरणात सेकंदाला एक लाख घनफूट पाणी येत असेल, तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त भर पडते. म्हणजे नऊ टीएमसी जागा आधी रिकामी ठेवली, तर असा एक दिवस धरण पोटात घेऊ शकते. पण जागा रिकामी केली आणि पुढे पावसाने दडी मारली तर? 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोडलेले पाणी परत आणता येत नाही आणि त्याच खोऱ्याच्या पाण्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची, पर्यायाने दुष्काळी तालुक्यांचीही भिस्त आहे. हवामानबदलाने हा पेच वाढवला आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मधले कोरडे दिवसही ताण देतात.

या पेचात मदतीला आले ते परदेशी सहकार्य. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने देशात जलविज्ञान प्रकल्प राबवला गेला. त्याच्या 2006 नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पूर्वानुमान व धरण परिचालनाची प्रणाली उभी राहिली. राज्याच्या जलसंपदा विभागासोबत तिचे काम केले ते डीएचआय या डेन्मार्कमधल्या संस्थेने. डोंगरातली स्वयंचलित पर्जन्यमापके, नदीची पातळी मोजणारी यंत्रे आणि धरणांचे साठे यांची माहिती एका ठिकाणी येते. मग संगणक हिशेब मांडतो : पडलेल्या पावसातले किती पाणी मातीत मुरेल, किती वाहून ओढ्यात येईल आणि ते कोणत्या पुलाखाली कधी पोहोचेल. या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रारूपाचे 'नॅम' हे नावच मुळी पाऊस आणि वाहते पाणी यांच्या डॅनिश शब्दांवरून पडले आहे.

मग 2019 आणि 2021 चे पूर का आले? एक तर कोणतेही प्रारूप पाऊस कमी करत नाही. दुसरे, धरणाच्या खाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो, त्याला दरवाजे नाहीत. तिसरे, नदीच्या पात्रालगत भराव आणि बांधकामे झाली, की तेवढेच पाणी जास्त उंचीवर चढते. आकडा बरोबर आला तरी त्याला वाहायला जागा हवीच.

शिवाय नदी राज्याची हद्द मानत नाही. पुढे कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. त्याच्या फुगवट्याचा सांगलीवर किती परिणाम होतो, यावर मतभेद आहेत. पण वरच्या धरणांचा विसर्ग खाली आणि खालच्या धरणाची पातळी वर वेळेत कळली पाहिजे, यावर दुमत नाही. जून 2021 मध्ये दोन्ही राज्यांची यासाठी बंगळुरूत बैठक झाली. ऱ्हाईन नदीकाठच्या देशांनी 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर 1998 मध्ये एकत्र पूर कृती आराखडा केला. उलट 2017 मध्ये डोकलामच्या तणावाच्या काळात चीनकडून ब्रह्मपुत्रेची माहिती भारताला मिळाली नाही. नदीची माहिती रुसव्याफुगव्यांवर अवलंबून राहिली, की तिची किंमत खालचे गाव मोजते. डेन्मार्कशी जमते, ते बेळगाव-विजयपूरशी कायमचे जमायला हरकत नसावी.

शेवटचा टप्पा मात्र घरातलाच आहे. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी ऐकली, की पाणी सांगलीत पोहोचेपर्यंत हाती काही तास असतात. ते पुलावर पाणी पाहण्यात घालवू नयेत. गोठ्यातली जनावरे उंचावर न्यावीत. गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांना रस्ता सुरू असतानाच हलवावे. रक्तदाब-मधुमेहाची आठवड्याभराची औषधे आणि कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. साफसफाईनंतरच्या दिवसांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

सातासमुद्रापारच्या गणिताने आपल्याला मिळतात ते तास. त्या तासांत घराबाहेर पडायचे काम आपले आहे. यंदा 'आयर्विनला किती?' असे विचाराल, तेव्हा सोबत 'कोयनेतून किती सोडले?' हेही विचारा. सांगलीत उद्या काय होणार, हे बरेचसे त्या दुसऱ्या उत्तरात असते.