नाडी लागते, पण एक्स-रेत दिसत नाही

एक्स-रे म्हटले की आपल्याला मोडलेले हाड किंवा छातीची फिल्म आठवते. यंत्रातून किरण निघतात, शरीरातून पार होतात आणि मागे सावली उमटते. आकाशात प्रकार वेगळा आहे. तिथे काही तारे स्वतःच क्ष-किरण सोडतात. आपण ते टिपायचे. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात पाठवावी लागते.

अशा दुर्बिणीने ‘तपासलेल्या’ एका ताऱ्याची ही केस. नाव जीडब्ल्यू लिब्रा, पत्ता तूळ तारकासमूह. १९८३ मध्ये तो अचानक भडकला, तेव्हा प्रथम लक्षात आला. खरे तर ही दोन ताऱ्यांची जोडी आहे आणि ते सुमारे ७७ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. त्यातला एक श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, पण वस्तुमान सूर्याच्या तोडीचे. तो शेजारच्या लहान ताऱ्याचा वायू ओढून घेतो. हा वायू चकतीसारखा फिरत फिरत त्याच्यावर येऊन पडतो.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेतील ब्रायन वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या श्वेत बटूची नाडी सापडली. त्याचा प्रकाश ठरावीक लयीत कमीजास्त होतो. लयी तीन आहेत: सुमारे चार, सहा आणि अकरा मिनिटांच्या. हृदयासारखा अख्खा तारा आकुंचन-प्रसरण पावत नाही. त्याच्या पृष्ठभागावर लाटा उठतात आणि काही भाग तापतात, काही निवतात. शेजाऱ्याचा वायू ओढणाऱ्या श्वेत बटूत अशी स्पंदने प्रथमच दिसली होती.

मग प्रश्न आला: या लाटांमुळे वर पडणाऱ्या वायूवर काही परिणाम होतो का? श्वेत बटूचा पृष्ठभाग हजारो अंश तापलेला असतो. त्याचा उजेड दृश्य आणि अतिनील प्रकाशात मिळतो. क्ष-किरण मात्र वायू पृष्ठभागाजवळ आदळून कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो, तिथून येतात. म्हणजे दोन प्रकाश, दोन वेगळ्या जागांच्या बातम्या.

२००५ मध्ये युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या अवकाश दुर्बिणीने हा तारा पाहिला. क्ष-किरणांत स्पंदन सापडले नाही. पण त्याच यानावरची दुसरी लहान दुर्बीण त्याच वेळी ताऱ्याचा साधा प्रकाश मोजत होती आणि तिच्यात स्पंदने स्पष्ट दिसत होती. तारा त्या दिवशी गप्प बसला होता, असे म्हणायला जागाच उरली नाही. शास्त्रज्ञांनी मर्यादाही सांगितली: क्ष-किरणांतील चढउतार सुमारे नऊ टक्क्यांहून मोठा असता, तर तो पकडला गेला असता. त्याहून बारीक असेल, तर या तपासणीत कळणार नाही.

मला डॉक्टर म्हणून हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘काही आढळले नाही’ हे वाक्य अर्धेच असते. काय शोधत होतो, कुठे शोधत होतो आणि किती बारीक गोष्ट दिसू शकली असती, हे सांगितले की ते पूर्ण होते.

आपल्याकडे रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचले की कोणी निर्धास्त होतो, तर कोणी ‘पैसे फुकट गेले’ म्हणतो. दोन्ही चूक. हृदयविकाराच्या झटक्यात सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून छातीत दुखणाऱ्या रुग्णाला आम्ही थांबवून घेतो, ईसीजी पुन्हा काढतो, रक्तात ट्रोपोनिन तपासतो. ही तपासणी वेगळ्या ठिकाणची बातमी देते. तेव्हा घरी जायची घाई करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: ‘या तपासणीत काय दिसले नसते?’