औषध बरोबर, वेळ बरोबर. पण देणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का?

सकाळी आठची वेळ. नर्स औषधांची ट्रॉली घेऊन खोलीमागून खोली करतेय. एका आजींच्या डोळ्यांत ड्रॉप्स घातले, लगेच शेजारच्या आजोबांना रक्तदाबाची गोळी दिली. औषध बरोबर, डोसही बरोबर. तरीही चूक झाली, कारण मधे हात स्वच्छ करायचे राहिले.

नर्सिंग होम म्हणजे नेमकं काय?
आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र ज्येष्ठ नागरिक दीर्घकाळ राहून शुश्रूषा घेतात, ते ठिकाण. तिथे सरकारी तपासनीस औषधं देतानाचं काम प्रत्यक्ष पाहतात. त्यात हातांची स्वच्छताही तपासली जाते. आपले वृद्धाश्रम आणि घरी येणारे केअरटेकर यांचं कामही वेगळं नाही.

धोका का वाढतो?
वयानुसार प्रतिकारशक्ती कमी होते. त्यात कुणाला लघवीची नळी, कुणाला जखम. ट्रॉलीचा खण, पलंगाचा कठडा, पाण्याचा ग्लास अशा सगळ्याला लागलेला हात जंतूंना पुढच्या व्यक्तीपर्यंत पोहोचवतो.

हात कधी स्वच्छ करायचे?
जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण सांगितले आहेत:
• रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी
• इंजेक्शन, आय ड्रॉप्स यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी
• रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संपर्क आल्यावर
• रुग्णाला स्पर्श केल्यानंतर
• रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर

सॅनिटायझर की साबण?
हातांवर मळ दिसत नसेल तर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. हात मळलेले असतील तर साबण आणि पाणी. त्याला ४० ते ६० सेकंद लागतात. जुलाब करणाऱ्या ‘सी. डिफिसील’ या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण-पाणीच हवं.

ग्लोव्ह्ज घातले की झालं?
नाही. तेच ग्लोव्ह्ज घालून दुसऱ्या रुग्णाकडे गेलं, तर जंतूही सोबत जातात. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात स्वच्छ करावे लागतात. गोळीला बोट न लावता ती स्ट्रिपमधून थेट छोट्या कपात काढावी.

तुम्ही काय करू शकता?
आई-बाबांना भेटायला जाल तेव्हा एकदा औषधांच्या वेळीच जा. ट्रॉलीवर सॅनिटायझर आहे का आणि दर रुग्णामागे तो वापरला जातो का, हे पाहा. नसेल तर विचारा, “ताई, हात सॅनिटाइझ करून घेता का?” संकोच वाटेल, पण आई-बाबा स्वतः हे विचारतीलच असं नाही.