प्रयोगशाळेची नोंदवही स्वतः सांभाळताना

पाळीवरच्या माणसाने काय पाहिले, कोणते यंत्र सुरू किंवा बंद केले, कोणता इशारा आला आणि त्यावर काय केले, याची वेळेसह केलेली नोंद म्हणजे प्रयोगशाळेचे लॉगबुक. कागदी वहीच्या काळात तिची पाने क्रमांकित असत, पान फाडण्यास मनाई असे, आणि चूक दुरुस्त करायची झाल्यास मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करावी लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या भौतिकी प्रयोगशाळांनी ही वही संगणकावर आणली. तिच्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीच्या सेवेतून न घेता संस्थेच्याच सर्व्हरवर बसवण्याची पद्धत तेव्हापासून टिकून आहे, कारण नियंत्रण कक्षाचे संगणकीय जाळे अनेकदा इंटरनेटपासून मुद्दाम अलग ठेवलेले असते आणि नोंदींवरचा ताबा संस्थेला आपल्याकडेच हवा असतो. या ताब्याबरोबर येणारी जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या उत्साही माणसाच्या माथी पडते, आणि तो माणूस बदलून गेला की वही पोरकी होते. अशा सर्व्हरच्या बहुसंख्य बिघाडांचे मूळ लॉगबुकच्या सॉफ्टवेअरमध्ये नसून त्याच्या भोवतालच्या थरांमध्ये असते, आणि हे थर कुणीतरी लिहून ठेवलेले नसल्यामुळेच साधा बिघाडही दिवसभर पुरतो.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ईलॉग. स्वित्झर्लंडमध्ये आरे नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधील भौतिकशास्त्रज्ञ श्टेफान रिट यांनी सी भाषेत लिहिलेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याची रचना आजच्या मानाने कमालीची साधी आहे: एकच प्रोग्रॅम वेब सर्व्हरचे आणि नोंदी साठवण्याचे अशी दोन्ही कामे करतो, त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही, आणि सर्व मांडणी एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असते. १४ मार्च २०१९च्या नोंदी ज्या फाइलमध्ये जातात तिचे नाव १९०३१४ या सहा अंकांनी सुरू होते. ती कोणत्याही साध्या संपादकात उघडली तर प्रत्येक नोंदीच्या आरंभी तिचा क्रमांक, मग तारीख, लेखकाने भरलेले रकाने, जोडलेल्या फाइलींची नावे, त्याखाली बरोबरच्या चिन्हांची एक ओळ आणि त्यानंतर मजकूर, असा क्रम दिसतो. उद्या हे सॉफ्टवेअर जगातून नाहीसे झाले तरी ही फाइल वाचता येईल, आणि ईलॉगचे खरे बळ याच गोष्टीत आहे.

याच साधेपणातून त्याच्या अडचणीही निघतात. ईलॉग एका वेळी एकच विनंती हाताळतो. त्यामुळे कुणी दहा वर्षांच्या नोंदींमध्ये मजकुराचा शोध लावला, तर तो पुरा होईपर्यंत बाकीच्या सर्वांचे पान अडकून राहते. नवी नोंद झाली की संबंधितांना ईमेल पाठवण्याची सोय सुरू असेल आणि संस्थेचा मेल सर्व्हर मंदावला असेल, तरीही हेच घडते, आणि तक्रार येते ती ‘लॉगबुक बंद पडले’ अशी. येथे यंत्रणेची स्मृती वाढवून किंवा नवा सर्व्हर विकत घेऊन काही साधत नाही. ईमेल त्याच यंत्रावरील स्थानिक मेल प्रोग्रॅमकडे सोपवणे, शोधाची मुदत मर्यादित ठेवणे आणि जुन्या प्रयोगांच्या नोंदी वेगळ्या लॉगबुकमध्ये हलवणे हे उपाय लागू पडतात. प्रोग्रॅम सुरू होताना सर्व फाइली वाचून स्मृतीत अनुक्रमणी तयार करतो. म्हणून चालू प्रोग्रॅमच्या पाठीमागे हाताने फाइल बदलली, तर पडद्यावर जुनेच चित्र राहते किंवा नोंद सापडेनाशी होते.

दुसरा मोठा थर प्रॉक्सीचा. वापरकर्ता आणि लॉगबुक यांच्यामध्ये उभा राहून सुरक्षित जोडणीचे काम सांभाळणाऱ्या वेब सर्व्हरला प्रॉक्सी म्हणतात, आणि या कामासाठी अपाचे किंवा एनजिनएक्स सर्रास वापरले जातात. लॉगबुकला स्वतःचा बाहेरचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये सांगितलेला नसेल, तर नोंद जतन होते, पण त्यानंतर ब्राउझर अंतर्गत पत्त्यावर भरकटतो. वापरकर्त्याला वाटते की नोंद गेलीच नाही, तो ती पुन्हा लिहितो आणि दुहेरी नोंदी साचतात. जोडलेल्या चित्रांचेही तसेच आहे. एनजिनएक्स मूळ मांडणीत १ मेगाबाइटहून मोठी विनंती परत लावतो, त्यामुळे दोलनदर्शकाच्या पडद्याचे छोटे चित्र जाते आणि मोबाइलने काढलेला फोटो जात नाही, अशी चमत्कारिक भासणारी तक्रार येते. लॉगबुकची आपली मर्यादा वेगळी असल्याने केवळ तिच्यात बदल करणारा माणूस बुचकळ्यात पडतो. बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलींची मालकी प्रशासकाच्या खात्याकडे राहिली, की वाचता येते पण लिहिता येत नाही, हाही नेहमीचा प्रकार. म्हणून शोध नेहमी थरांच्या क्रमाने व्हावा: आधी त्याच यंत्रावरून प्रॉक्सी टाळून लॉगबुक थेट उघडावे, ते चालत असेल तर प्रॉक्सीच्या नोंदी वाचाव्यात, आणि त्यानंतरच सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा.

नव्या पिढीतील फीबस ओलॉगची जडणघडण ईलॉगच्या अगदी उलट आहे. मोठ्या यंत्रांच्या नियंत्रणासाठी एपिक्स नावाची प्रणाली वापरणाऱ्या प्रयोगशाळांच्या समुदायाने ते जावा भाषेत उभारले असून त्यात नोंदी इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत, तर जोडलेल्या फाइली मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये राहतात. शोध झपाट्याने होतो आणि एकाच वेळी अनेकांना काम करता येते, पण सांभाळायचे घटक एकावरून तीनवर जातात. इलॅस्टिकसर्च डिस्क ९५ टक्के भरली की आपल्या साठ्यांवर लिहिण्यास बंदी घालते. पाळीवरच्या माणसाला फक्त ‘नोंद जतन झाली नाही’ एवढेच कळते, आणि डिस्कवर अजून जागा शिल्लक दिसत असल्यामुळे कारण लवकर ध्यानात येत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये तर जागा मोकळी केल्यावरही ही बंदी हाताने उठवावी लागे. ज्या संस्थेत सर्व्हरकडे पाहणारा पूर्णवेळ माणूस नाही, तिने केवळ नवेपणाच्या ओढीने ही रचना स्वीकारणे शहाणपणाचे नाही. १५-२० जणांच्या गटाला ईलॉगसारखी साध्या फाइलींची पद्धतच अधिक काळ साथ देते.

वेळेच्या नोंदीकडे होणारे दुर्लक्ष अधिक गंभीर आहे, कारण त्यातून झालेली हानी दिसत नाही. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये पहाटे २ ते ३ हा तास दोनदा येतो. नोंदीत जागतिक वेळेपासूनचा फरक लिहिलेला नसेल, तर अडीच वाजताची नोंद पहिल्या अडीचची की दुसऱ्या, हे पुढे कुणालाही सांगता येणार नाही. भारतात घड्याळे फिरवली जात नसली तरी हा प्रश्न येथेही येणार आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तेथील घटनांची सांगड अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या शोधक यंत्रांशी घालावी लागेल, आणि त्या दोन्ही ठिकाणची लॉगबुके आज कुणालाही वाचता येतात. जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, त्यामुळे कोणत्या घड्याळाने नोंद केली हे लिहिणे अशा कामात अनिवार्य ठरते. सर्व्हरचे घड्याळ नेटवर्कवरून जुळते ठेवणे आणि साठवण जागतिक वेळेत करून दाखवताना स्थानिक वेळ वापरणे, एवढ्याने हा धोका टळतो.

मराठीत नोंदी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याविषयी पुरेसे लिहिले गेलेले नाही. पानाची अक्षरसंहिता पश्चिम युरोपीय भाषांपुरती ठेवलेली असेल, तर ब्राउझर देवनागरी अक्षरांऐवजी त्यांचे क्रमांक पाठवतो. फाइलमध्ये ‘म’च्या जागी काही चिन्हांमध्ये अडकलेला २३५० हा आकडा बसतो. पडद्यावर मजकूर व्यवस्थित दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण शोध हात हलवत परत येतो. उपाय म्हणजे पहिल्या नोंदीपूर्वीच यूटीएफ-८ ही संहिता ठरवणे, आणि उशीर झाला असल्यास मूळ फाइलींची प्रत राखून नंतर रूपांतर करणे. संहिता बरोबर असली तरी ‘दुसऱ्या पंपाचा दाब’ ही नोंद सापडेलच असे नाही: ‘दुसऱ्या’मधला ऱ्य काही कळफलकांवर ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनतो, तर काहींवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून, डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी, संगणकाला भिन्न. शिवाय ‘पंपाचा’ आणि ‘पंपाला’ हे त्याला दोन वेगळे शब्द वाटतात, आणि इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी व बंगालीसाठी तयार विश्लेषक असला तरी मराठीसाठी तो नाही. साठवण्यापूर्वी अक्षररूपे एकसारखी करणे आणि प्रत्यय वेगळे काढणारी छोटी नियमावली जोडणे हे काम महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाला सहज झेपण्यासारखे आहे, आणि ते व्हायलाच हवे.

सुरक्षेच्या बाबतीत ‘आपले लॉगबुक आतल्या जाळ्यात आहे’ हा दिलासा फसवा आहे. २०१९मध्ये ईलॉगच्या ३.१.४ आवृत्तीत ज्या त्रुटी उघड झाल्या, त्यांपैकी एकीमुळे पासवर्ड न देताही सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल मिळवता येत होती. आवृत्ती अद्ययावत ठेवणे, प्रोग्रॅम प्रशासकाच्या खात्याखाली न चालवणे आणि नोंदींमध्ये मुक्त एचटीएमएल लिहू न देणे ही किमान शिस्त आहे.

सुधारणा म्हणून रकाने वाढवण्याचा मोह सर्वत्र आढळतो, आणि त्यातून उलटेच फळ मिळते. पहाटे ४ वाजता थकलेल्या माणसासमोर १२ सक्तीचे रकाने आले, की तो पहिलाच पर्याय निवडून मोकळा होतो. यंत्र, नोंदीचा प्रकार आणि गांभीर्य असे तीन रकाने मनापासून भरलेले असतील, तर त्यांचे मोल कितीतरी अधिक. तापमान, दाब किंवा विद्युतप्रवाह यांच्या आकड्यांसाठी माणसाला राबवू नये. ईलॉगसोबत येणाऱ्या आज्ञा-साधनाने ते यंत्राकडूनच नोंदवून घेता येतात, म्हणजे माणसाकडे त्याचे खरे काम, आपण काय पाहिले आणि तसे का वाटले हे लिहिण्याचे, उरते. जुन्या वहीतली एका रेघेची शिस्तही येथे आणता येते: ठरावीक तासांनंतर नोंद बदलण्यास बंदी घालण्याची सोय ईलॉगमध्ये आहे, आणि त्यानंतरची दुरुस्ती मूळ नोंदीला उत्तर म्हणून जोडली, तर चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही वाचता येतात.

बॅकअप रोज घेतला जातो, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. तो परत उभा करून पाहणाऱ्या फार थोड्या. ही चाचणी वर्षातून निदान एकदा, दुसऱ्या यंत्रावर आणि सर्व्हर बसवणाऱ्या माणसाच्या मदतीशिवाय व्हावी. चाचणी करणाऱ्याच्या हाती केवळ बॅकअप आणि लेखी टिपण असावे, त्याने सर्वांत जुनी नोंद, एखादी मराठी नोंद आणि एक मोठे चित्र उघडून पाहावे, आणि जेथे तो अडला ते त्याच टिपणात भरावे. कॉन्फिगरेशन फाइल, प्रॉक्सीची मांडणी आणि पासवर्डांची फाइल नोंदींच्या फोल्डरबाहेर राहत असल्याने बॅकअपमधून निसटतात, हे बहुधा याच चाचणीत प्रथम लक्षात येते.