बोकडाला 'वजनाची गोळी'? आधी हे वाचा


अमेरिकेत मांसाच्या गुरांना कानाच्या कातडीखाली हार्मोनची गोळी बसवतात, तो व्हिडिओ बघून काहींनी विचारलं, "आपल्या बोकडांना चालेल का?"

तिथल्या दोन पद्धती:
१) एकच गोळी, सुमारे २०० दिवस हळूहळू विरघळणारी.
२) आधी सौम्य, मग साधारण १०० दिवसांनी जास्त ताकदीची. वजन जास्त मिळू शकतं, पण गुरं दोनदा पकडावी लागतात.
खुराक कमी पडला तर दोन्हींचा पैसा वाया.

⚠️ शेळ्या-बोकडांसाठी ही गोळी तिथेही मान्य नाही. हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस युरोपने १९८९ पासून बंद केलंय. 'वजनाचं इंजेक्शन' कोणी विकायला आलं तर घेऊ नका.

✅ आधी जंतनाशक, पोटभर चारा, खुराक आणि खनिज मिश्रण. दर १५ दिवसांनी वजन करा. वाढ थांबली तर पशुवैद्यकांना दाखवा.