उघड्या पुस्तकाची वैद्यकी

अलास्काच्या पश्चिमेला, युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या खोऱ्यातलं, युपिक या मूळनिवासी लोकांचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. गावाला जायला रस्ता नाही. वारा असा सुटलाय की आज लहान विमानही उतरणार नाही. दोन वर्षांचं मूल कान धरून रात्रभर रडलंय आणि आई त्याला कडेवर घेऊन गावच्या दवाखान्यात आली आहे.

तिथे डॉक्टर नाही, नर्सही नाही. आहे ती गावातलीच एक बाई, बहुधा त्या मुलाच्या नात्यातलीच. ती आधी मॅन्युअल उघडते आणि त्यातले प्रश्न क्रमाने विचारू लागते. ताप कधीपासून आहे? कान वाहतोय का? खाणंपिणं कसं आहे? उत्तरं लिहून झाली की ओटोस्कोपने आधी बरा कान बघते, मग दुखरा. पडदा लाल आहे का, फुगलाय का, हे पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघते. मुलाचं वजन करून औषधाचं प्रमाण काढते आणि गरज पडली तर दूरच्या डॉक्टरांना फोन लावते.

या बाईला तिथे ‘कम्युनिटी हेल्थ एड’ म्हणतात. १७०हून अधिक गावांत ही व्यवस्था पसरली आहे. अलास्काचा विस्तार महाराष्ट्राच्या साडेपाच पट आणि लोकवस्ती साडेसात लाखांहूनही कमी. एवढ्या विरळ मुलखात गावोगाव डॉक्टर नेमणं कधी जमलं नाही, म्हणून गावातल्याच माणसाला शिकवायचं ठरलं.

सुरुवात क्षयरोगापासून झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर या रोगाने अलास्कातल्या मूळनिवासींची घरंच्या घरं पोखरली होती. लोकांना दूरच्या सॅनिटोरियममध्ये नेत, तिथे त्यांची वर्षं जात. पुढे गोळ्या आल्या, पण त्या महिनोन्‌महिने रोज पोटात जायला हव्यात. मग गावातल्याच स्वयंसेवकांकडे ते काम सोपवलं गेलं. गोळ्या वाटता वाटता ते जखमा बांधू लागले, ताप बघू लागले. या कामाला १९६८ मध्ये अमेरिकी संसदेने रीतसर निधी दिला आणि स्वयंसेवकांचे पगारी कर्मचारी झाले. १९७५च्या स्वयंनिर्णय कायद्यानंतर दवाखान्यांचा कारभारही हळूहळू मूळनिवासींच्या स्वतःच्या संस्थांकडे आला.

या प्रशिक्षणाची घडण मुळातून समजून घेण्याजोगी आहे. अभ्यासक्रमाची चार सत्रं असतात, प्रत्येक साधारण तीन-चार आठवड्यांचं. अँकरेज, बेथेल, नोम अशा ठिकाणच्या केंद्रांत वर्ग भरतात आणि खऱ्या रुग्णांवर हात बसवला जातो. पण चारही सत्रं सलग घेत नाहीत. एक सत्र संपलं की शिकणारी बाई गावी परतते, शिकलेलं तिथे वापरते, ठरलेली कौशल्यं देखरेखीखाली करून दाखवते आणि मगच पुढच्या सत्राला येते. त्यामुळे पुढच्या वर्गात ती आपल्या रुग्णांचे प्रश्न घेऊनच बसते. चार सत्रांनंतर प्रत्यक्ष कामाची पारख आणि परीक्षा होते. त्यात उतरली की ती ‘कम्युनिटी हेल्थ प्रॅक्टिशनर’ होते.

या शिक्षणाचा कणा म्हणजे ते मॅन्युअल. पूर्वी ते जाडजूड छापील पुस्तक होतं, आता टॅब्लेटवर आलंय. तक्रारीपासून निघून प्रश्न, तपासणी, निदान, उपचार आणि डॉक्टरांना कधी कळवायचं इथपर्यंत ते बोट धरून नेतं. रुग्णासमोर पुस्तक उघडणं आपल्याकडे कमीपणाचं वाटेल. तिथे न उघडणं ही चूक धरतात. पहाटे तीनला, झोपमोड झालेली असताना, समोर सख्खा भाऊ रक्तबंबाळ पडलेला असताना पाठांतरावर विसंबू नये, हे या पद्धतीने फार आधी ओळखलं.

डॉक्टरांशी बोलणं एकेकाळी रेडिओवरून होई. ठरल्या वेळी हाक यायची आणि एकाचं दुखणं सगळा मुलूख ऐकायचा, तेही वातावरणाने साथ दिली तर. १९७१ मध्ये नासाच्या एटीएस-१ उपग्रहामार्फत काही गावं डॉक्टरांशी जोडली गेली. आता कानाच्या पडद्याचा फोटोच तज्ज्ञाकडे जातो.

दातांच्या बाबतीत तर विद्यार्थ्यांना थेट न्यूझीलंड गाठावं लागलं. दंतवैद्य नसलेल्यांना दातांवरचे उपचार शिकवण्याची सोय अमेरिकेत नव्हती, म्हणून २००३ मध्ये अलास्काचे तरुण ओटागो विद्यापीठात दोन वर्षं शिकायला गेले. परतून त्यांनी गावात दात भरायला आणि काढायला सुरुवात केली, तशी दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये कोर्टात धाव घेतली. २००७ मध्ये निकाल या तरुणांच्या बाजूने लागला. पुढे २०२० मध्ये मूळनिवासींसाठीच्या ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ या सरकारी संस्थेने हेल्थ एडची ही पद्धत अलास्काबाहेर नेण्याचं धोरण जाहीर केलं.

आपल्याकडे जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं आणि अशाच विश्वासाने गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांच्या हाती नवजात बाळं सोपवली आणि मृत्यू कमी करून दाखवले. हजारो मैलांवरच्या या कामांचं मूळ एकच आहे. ज्ञान गावात राहायचं असेल, तर ते गावात राहणाऱ्याच्या हाती द्यावं लागतं.

पण त्या हातांवरचा भारही बघायला हवा. अलास्कातल्या कितीतरी जणींना कामाची वेळ संपल्यावरही सुट्टी नसते. रात्री दार वाजतं ते त्यांचंच. अपघातात दगावलेला तरुण शेजारचा असतो, आत्महत्या केलेली मुलगी भाची असते. म्हणून अनेकजणी थकून काम सोडतात. त्यांना जोडीला दुसरी व्यक्ती, पुरेशी रजा आणि चांगला पगार मिळणं हा उपकार नाही. प्रशिक्षणाइतकंच तेही या व्यवस्थेचं अंग आहे.

ते दोन वर्षांचं मूल बरं झालं का, हे विचारायला त्या हेल्थ एडला कुणाला फोन करावा लागणार नाही. दोन दिवसांनी गावच्या दुकानात ते आईचं बोट धरून तिच्यासमोरच उभं असेल. ती खाली वाकून त्याच्या कानाकडे बघेल.