डहाणू व तलासरी परिसरातील जुन्या सेप्टिक टाक्या

सेप्टिक टाकी ही घरातील शौचालयाचे सांडपाणी साठवून त्यातील मैल्याचे अंशतः विघटन घडवणारी भूमिगत टाकी होय. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांच्या गावांत आणि पाड्यांवर भूमिगत गटारांचे जाळे नाही. त्यामुळे तेथील घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडले जाते. टाकी जुनी झाल्यावर तिची देखभाल करणे अथवा ती सुरक्षितपणे बंद करणे ही मुख्यतः घरमालकाची जबाबदारी असते.

रचना व कार्य

टाकीत आलेल्या सांडपाण्यातील जड घटक तळाशी बसून गाळ तयार होतो. तेल, साबण यांसारखे हलके पदार्थ पृष्ठभागावर तरंगता थर बनवतात. गाळाचे विघटन ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारे जिवाणू करतात. मधल्या थरातील पाणी नळीवाटे शोषखड्ड्यात जाते व तेथून जमिनीत मुरते. हे पाणी शुद्ध नसते. त्यात रोगजंतू व नायट्रोजनयुक्त संयुगे शिल्लक असतात आणि पुढील शुद्धीकरण मातीच्या थरांवर अवलंबून राहते. तळ न बांधलेला खड्डा म्हणजे सेप्टिक टाकी नव्हे. बोलीभाषेत मात्र दोहोंना सर्रास एकच नाव दिले जाते. स्वच्छ भारत अभियानात प्रसार झालेले दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हाही वेगळा प्रकार आहे.

स्थानिक परिस्थिती

घोलवड, बोर्डी, चिंचणी या किनारी गावांत जमीन रेताड असून पावसाळ्यात भूजल पातळी वर येते. रेतीतून पाणी वेगाने झिरपत असल्याने ते गाळले जाण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. पूर्वेकडील डोंगराळ भागात बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि सांडपाणी खडकाच्या भेगांतून थेट विहिरीपर्यंत पोहोचू शकते. अनेक वाड्यांत घर, शौचालय व विहीर एकाच आवारात असल्याने हा धोका वाढतो. भारतीय मानक २४७० नुसार सांडपाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी लागते. जुनी बांधकामे करताना हे अंतर पाळले गेले असेलच असे नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून या दोन्ही तालुक्यांत भूकंपमालिका अनुभवास आली. धुंदलवाडी व आसपासच्या गावांना वारंवार धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ महत्तेचा धक्का नोंदला गेला. लोखंडी सळया नसलेल्या विटांच्या किंवा दगडी भिंती अशा धक्क्यांनी तडकू शकतात. घराच्या भिंतीवरील तडा डोळ्यांना दिसतो, टाकीच्या भिंतीवरील तडा जमिनीखाली झाकलेला राहतो.

बिघाडाची लक्षणे

शौचालयातील पाणी सावकाश उतरणे, शोषखड्ड्याभोवती जमीन ओली राहणे, सतत दुर्गंधी येणे आणि झाकण खचणे ही टाकी भरल्याची किंवा जीर्ण झाल्याची लक्षणे आहेत. वर्षानुवर्षे उपसा न करताही टाकी भरत नसेल, तर ते चांगल्या बांधकामाचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात अशी टाकी बहुधा तळातून किंवा भिंतीतून झिरपत असते.

शंका असल्यास विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची तपासणी आवश्यक ठरते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जास्त नायट्रेट तान्ह्या बालकांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत पाण्याचा नमुना तपासणीस पाठवता येतो. टीसीएल पावडरने जंतू मरतात, मात्र नायट्रेट कमी होत नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही.

उपसा

घरगुती टाकीचा उपसा साधारणतः दोन ते तीन वर्षांतून एकदा करावा लागतो. तो सक्शन पंप असलेल्या गाडीने केला जातो. काढलेला गाळ ओढ्यात, खाडीत किंवा वाडीत टाकणे आरोग्यास घातक असून तो प्रक्रिया केंद्रात नेणे अपेक्षित असते. भूजल वर असताना प्लास्टिकची किंवा हलकी टाकी पूर्ण रिकामी केल्यास ती पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते. त्यामुळे उपशासाठी पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य समजला जातो.

विषारी वायू व कायदा

बंद टाकीत मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. मिथेन ज्वालाग्राही असल्याने झाकणापाशी काडी पेटवून पाहणे धोक्याचे असते. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, परंतु त्याचे प्रमाण वाढताच घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असा निष्कर्ष म्हणूनच प्राणघातक ठरतो. आत बेशुद्ध पडलेल्यास वाचवण्यासाठी उतरलेली दुसरी व्यक्तीही अशा दुर्घटनांत अनेकदा दगावते.

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ हा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामास लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी खासगी व्यक्तींनाही लागू असल्याने काम ठेकेदाराकडे सोपवले तरी घरमालक आपोआप जबाबदारीतून मुक्त होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई निश्चित केली होती. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख रुपये करण्यात आली.

टाकी बंद करणे

नवे शौचालय बांधल्यावर जुनी टाकी तशीच सोडून दिली, तर तिचे झाकण कालांतराने कमकुवत होते आणि त्यावरून जाणारी मुले किंवा गुरे आत पडण्याची शक्यता असते. वापरातून काढताना टाकीचा संपूर्ण उपसा करतात, येणाऱ्या व जाणाऱ्या नळ्या बुजवतात आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाला भोके पाडतात. हे काम यंत्राने किंवा बाहेरूनच केले जाते. त्यानंतर झाकणाची फरशी काढून टाकी वाळू, खडी किंवा मुरमाने थराथराने ठोकून भरली जाते. थंड प्रदेशांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या ईशान्य भागात, घर तापवण्याच्या तेलाच्या जुन्या भूमिगत टाक्या जागेवरच बंद करतानाही उपसा, सफाई व भराव असाच क्रम पाळला जातो.

बुजवलेल्या टाकीची जागा घराच्या नकाशावर नोंदवणे उपयुक्त असते. पुढे त्या जागी विहीर, बोअर किंवा वाढीव खोलीचा पाया घेताना ही नोंद मार्गदर्शक ठरते. घराची मालकी बदलल्यास टाकीचे अस्तित्व नव्या मालकाला त्यावरूनच कळू शकते.